चित्राखालचे साल

वस्तुसंग्रहालयात गेलेला मनुष्य बहुधा वस्तूखालच्या चिठ्ठीवरील पहिल्या दोन ओळी वाचण्यापुरताच तिच्यापुढे उभा राहतो. पहिल्या ओळीत नाव असते, दुसरीत साल. तिसरी ओळ बारीक टायपात छापलेली असते: वस्तू कोठे मिळाली, कोणी दिली, संग्रहात केव्हा दाखल झाली. ही तिसरी ओळ वाचणारे थोडे. परंतु पहिल्या दोन ओळी खऱ्या की खोट्या, हे ठरते ते या तिसऱ्या ओळीवरून.

मूर्तीच्या किंवा ताम्रपटाच्या बाबतीत हे चटकन पटते. चित्रपटाच्या बाबतीत मात्र आपण फारसा विचार करीत नाही. ताम्रपट एकच असतो. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह एक, तिच्यावरून काढलेल्या प्रती अनेक, आणि त्या प्रतींवरून पुढे काढलेल्या प्रती आणखी निराळ्या. गावोगाव फिरताना फीत तुटते, ऑपरेटर चार चित्रे कापून ती पुन्हा जोडतो, दुसऱ्या प्रतीचा तुकडा पहिलीत येऊन बसतो. म्हणून संग्रहालयात ‘हा कोणता चित्रपट?’ एवढे विचारून भागत नाही. ‘ही कोणती प्रत, आणि ती येथवर कोणाच्या हातून आली?’ असेही विचारावे लागते.

हा प्रश्न माझ्या टेबलावर एका छायाचित्राच्या रूपाने आला. आमच्या मासिकाच्या निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्या एकाच इमारतीत सिद्ध होतात. मूळ लेख बहुधा इंग्रजीत असतो, आणि आम्ही भाषांतरकार तो आपापल्या भाषेत उतरवितो. त्या महिन्यात भारतीय चित्रपटाच्या आरंभावर एक सचित्र लेख होता. पहिल्याच पानावर ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटातील प्रसिद्ध दृश्य होते: राजा आपल्या मुलाला धनुर्विद्या शिकवीत आहे आणि राणी शेजारी उभी राहून पाहत आहे. खाली ओळ होती, ‘भारताच्या पहिल्या कथाचित्रपटातील दृश्य, १९१३’.

भाषांतराला ही ओळ म्हणजे अर्ध्या मिनिटाचे काम. परंतु हे दृश्य १९१३ चेच आहे काय, याविषयी जाणकारांत मतभेद आहे हे मला ठाऊक होते. मराठी वाचकांपुढे फाळक्यांच्या चित्रपटाखाली चुकीचे साल छापणे म्हणजे घरच्याच माणसाची जन्मतारीख चुकविण्यासारखे. मी लेख बाजूला ठेवला आणि शोध घेऊ लागले.

आरंभीच शब्दाची अडचण आली. वस्तू कोणाकोणाच्या हातून गेली त्या सगळ्या वृत्तान्ताला इंग्रजीत ‘प्रॉव्हेनन्स’ म्हणतात. ‘उगम’ म्हणावे तर तो फक्त आरंभ झाला. ‘मालकी’ म्हणावे तर ती फक्त आजची. मला आपल्याकडचे तलाठ्याचे दप्तर आठवले. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आज जमीन कोणाची ते कळते; पण ती त्याच्याकडे कशी आली हे पाहायचे तर फेरफाराच्या नोंदी एकामागून एक उलगडाव्या लागतात. चित्रपटाच्या प्रतीचे फेरफार म्हणजेच तिचा पूर्वेतिहास. दुसरी उपमा फाळक्यांच्या जन्मगावाचीच आहे. धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत. कोणत्या गावचा कोण केव्हा आला, बरोबर कोण होते, हे तेथे सापडते. ज्या गावी माणसांचा पूर्वेतिहास इतक्या निगुतीने राखला जातो, तेथल्या या सुपुत्राच्या चित्रपटांना मात्र अशी वही लाभली नाही.

हकीकत थोडक्यात अशी. फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र व इतर साहित्य खरेदी करून परतले. दादरच्या राहत्या घरीच कारखाना उभा राहिला. कच्ची फीत छिद्रांवाचून येई. ती अंधारात यंत्राखाली धरून काठाशी छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. आणि हे घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक आटोपून! ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांना दाखविण्यात आला. चित्रपट चार रिळांचा, ३,७०० फूट लांबीचा होता. राजाची भूमिका दत्तात्रेय दामोदर दाबके यांची, तारामतीची अण्णा साळुंके यांची. आणि रोहिदास झाला होता फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र.

त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले. पुढे १९१७ साली त्यांनी हीच कथा ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ म्हणून नव्याने चित्रित केली. असे सांगतात की, पहिल्या चित्रपटाची प्रत एका गावाहून दुसऱ्या गावी नेत असताना उन्हाच्या तापाने पेटून नष्ट झाली, म्हणून हा दुसरा खटाटोप करावा लागला. बैलगाडीतून जाणारी, उन्हात भडकणारी ती फीत डोळ्यांपुढे आणली की ही आख्यायिका खरी वाटू लागते. तरी ती आख्यायिकाच म्हणून घ्यावी हे बरे.

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. (२०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे.) तेथे पी. के. नायर यांनी देशभर हिंडून जुन्या फिती जमविल्या. फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष फाळके कुटुंबीयांच्या साहाय्याने हाती आले. त्यांतील ‘कालिया मर्दन’ हा १९१९ चा चित्रपट बऱ्याच अंशी शाबूत आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची मात्र पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे आहेत, मिळून १,४७५ फूट. हीच रिळे ‘१९१३’ म्हणून सर्वत्र दाखविली जातात. मूकपटांची सविस्तर सूची सिद्ध करणारे वीरचंद धरमशी यांच्यासारख्या अभ्यासकांचे म्हणणे असे की, ती १९१७ च्या दुसऱ्या चित्रपटाची आहेत.

हा वाद चार वर्षांचा दिसतो. पण त्याचा अर्थ मोठा आहे. धरमशींचे म्हणणे खरे असेल, तर ज्या चित्रपटाची आपण शताब्दी साजरी केली त्याचा एक फूटसुद्धा आज पृथ्वीतलावर उरलेला नाही. ते बरोबर नसेल, तर दाबके-साळुंके यांचा तो पहिलावहिला अभिनय अजून पाहायला मिळतो.

मी आकड्यांपासून आरंभ केला, कारण आकडे भाषांतरकाराला फसवीत नाहीत असा माझा समज आहे. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीत एका फुटात सोळा चित्रे मावतात. सुरतेच्या खेळासाठी फाळक्यांनी दिलेली म्हणून एक जाहिरात प्रसिद्ध आहे. तीत सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, असे म्हटले होते. सत्तावन्न हजारांना सोळाने भागले की ३,५६२ फूट येतात. ३,७०० फुटांच्या नोंदीशी हे चांगले जुळते. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! तेव्हा एकाच जाहिरातीतला एक आकडा मोजलेला आणि दुसरा व्यापाऱ्याच्या उत्साहाचा. जुन्या कागदपत्रांवर विसंबताना हे ध्यानी ठेवावे लागते.

आणखी एक गोष्ट याच हिशेबातून निघते. हा चित्रपट चाळीस मिनिटांचा होता असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. बोलपटाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला चोवीस चित्रे या गतीने चालविला, तर ३,७०० फूट खरोखरच एकेचाळीस मिनिटांत संपतात. परंतु मूकपट हाताने यंत्र फिरवून दाखवीत आणि त्यांचा वेग पुष्कळ मंद असे. सेकंदाला सोळा चित्रे धरली तर हाच खेळ तासाहून थोडा अधिक चालतो. म्हणजे चित्रपटाच्या लांबीचे मापसुद्धा नंतरच्या काळाच्या घड्याळाने घेतले गेले.

शिल्लक फितीचेही माप घेऊन पाहिले. चार रिळे ३,७०० फूट, तर दोनांचे सरासरी १,८५० फूट व्हावेत, आहेत १,४७५. पावणेचारशे फूट कमी. पण रिळे एकसारख्या लांबीची नसतात, आणि जुनी फीत दोन्ही टोकांकडून झिजत जाते. तेव्हा एवढ्यावरून निकाल देता येत नाही.

दुसरा पुरावा फितीच्या अंगावरचा. १९१६ पासून ईस्टमनच्या कारखान्यात कच्च्या फितीच्या काठावर वर्षाची खूण छापू लागले: कधी वर्तुळ, कधी चौकोन, कधी त्रिकोण. अशी खूण असलेली फीत १९१३ ची असूच शकत नाही. तथापि ही खूण फीत तयार झाल्याचे वर्ष सांगते, चित्रण झाल्याचे नव्हे. शिवाय वीस वर्षांनी तीच खूण पुन्हा येते, म्हणजे १९१६ चे वर्तुळ १९३६ मध्येही आढळते. आणि फितीवरून नवी प्रत काढली की नव्या फितीचा काठ तिच्या स्वतःच्या काळाची साक्ष देऊ लागतो. जुन्या काठाची पुसट सावली नव्या प्रतीवर उतरलीच तर ती तज्ज्ञाला उपयोगी पडते. पण प्रत काढताना केवळ चित्राची चौकट तेवढी धरली, तर सरस्वतीबाईंनी पाडलेली छिद्रेही गेली, कारखान्याची खूणही गेली. उरले ते निव्वळ चित्र.

मग चित्रालाच विचारायचे. येथे मला ग्रंथांपेक्षा प्रपंचाचा अनुभव अधिक उपयोगाचा वाटला. धनुष्य हाती घेतलेला तो मुलगा केवढा आहे? चार वर्षांत मूल किती वाढते हे कोणत्याही आईला विचारावे. जो भालचंद्र १९१३ मध्ये लहानगा रोहिदास शोभला, तो १९१७ मध्ये तितकाच लहान दिसणार नाही. आणि फितीतला मुलगा लहानच दिसत असेल, तर एक तर वर्ष १९१३ असले पाहिजे, नाही तर मुलगा दुसरा असला पाहिजे. घरच्या माणसांनी ओळखलेला चेहरा हा म्हणूनच कागदाइतका पुरावा असतो. पण ज्यांनी त्या मुलाला त्या वयात पाहिले होते ती माणसे असेतोवरच. ती साक्ष वेळीच लिहून घेतली नाही, तर मागे फक्त अंदाज उरतात.

दुर्दैव असे की, त्या काळाविषयी सरकारी दप्तरही साह्य करीत नाही. चित्रपट तपासण्याचा कायदा १९१८ चा. मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथील तपासणी मंडळे १९२० मध्ये कामाला लागली. त्यानंतरच्या चित्रपटांना प्रमाणपत्र मिळे, त्यावर लांबी असे. आपण त्या मंडळांच्या कात्रीला पुष्कळ नावे ठेवतो. पण इतिहासाच्या दृष्टीने त्यांची मोजपट्टी मोठी उपकारक ठरली आहे. ‘हरिश्चंद्र’ची दोन्ही रूपे या मोजपट्टीच्या आधी जन्मली.

येथे एक घरगुती गोष्ट सांगते. माझे चुलत आजोबा फिरत्या सिनेमाच्या तंबूबरोबर खानदेशात गावोगाव हिंडत असत. त्यांच्या पश्चात एक वाटोळा पत्र्याचा डबा आमच्या घरी आला, आणि माझी आजी त्यात दोरे, सुया व बटणे ठेवीत असे. झाकणावर रंगाने ‘३’ हा आकडा काढलेला, आणि फाटक्या चिठ्ठीवर रेल्वे-पार्सलाच्या स्टेशनचे अर्धे नाव. आतली फीत पोरांनी केव्हाच तोडून, काडी लावून संपविली होती; ती सर्रकन कशी जळे, याचे वर्णन वडील मोठ्या कौतुकाने करीत. आमच्याकडे डबा उरला, फीत गेली. संग्रहालयात पुष्कळदा उलट होते: फीत राहते आणि तिचा मूळ डबा, गंजला म्हणून, फेकून दिला जातो. कोणत्या चित्रपटाचे तिसरे रीळ आमच्या आजीच्या बटणांखाली होते ते आता कोणी सांगू शकणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी ही सगळी कथा इतर आवृत्त्यांच्या सहकाऱ्यांना सांगितली. बंगाली आवृत्तीचे सहकारी उसासा टाकून म्हणाले, “तुमच्याकडे निदान भांडायला दोन रिळे तरी आहेत, ताई. आमच्या हीरालाल सेनांचे सारे काही १९१७ च्या आगीत गेले.” त्यांना बोलते करण्यासाठी मी ‘बिल्वमंगल’चा विषय काढला. कलकत्त्याच्या मादन यांच्या कंपनीचा हा १९१९ चा मूकपट. तो भारतात कोठेच उरला नव्हता. त्याची ५९४ मीटर फीत पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेजमध्ये होती, आणि २०१६ साली तिची प्रतिकृती पुण्याला मिळाली. हिमांशु राय यांचे ‘शिराझ’ आणि ‘प्रपंच पाश’ हेही परदेशी भागीदारीत निघाल्यामुळे परदेशी संग्रहात टिकले. आपल्या वस्तू परदेशी राहिल्या याची खंत आपण नेहमी करतो. येथे मात्र जे बाहेर गेले ते वाचले आणि जे घरी राहिले ते बहुतेक गेले. फितीतल्या चांदीसाठी कितीतरी मूकपट वितळविले गेले.

मल्याळम्‌ आवृत्तीच्या सहकारी शांतपणे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या ‘मार्तंड वर्मा’चा पूर्वेतिहास कोणालाही शंका येणार नाही इतका स्वच्छ आहे. कारण त्यावर खटला झाला!” सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या कादंबरीवरून १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा मूकपट निघाला. कादंबरीचे हक्क त्रिवेंद्रमच्या कमलालय बुक डेपोकडे होते. त्यांनी न्यायालयात धाव घेतली, चित्रपटाचे प्रदर्शन थांबले, आणि प्रत प्रकाशकांच्या ताब्यात गेली. ती तेथेच पडून राहिली, आणि १९७४ साली पुण्याच्या संग्रहालयाला मिळाली. निर्मात्याचे त्यात फार नुकसान झाले. परंतु गावोगाव फिरून जी प्रत वर्षा-दोन वर्षांत चिंध्या झाली असती, ती पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये चाळीस वर्षे सुखरूप राहिली, आणि कोणाच्या हातून कोणाकडे गेली हे न्यायालयाच्या कागदांवर राहिले. तलाठ्याच्या दप्तराची माझी उपमा त्या बाईंना फार आवडली.

उरला प्रश्न माझ्या ओळीचा. आमच्या संपादकांचे म्हणणे व्यवहारी होते. “अहो, सगळे जग १९१३ लिहिते. आपले मासिक कुटुंबात वाचले जाते. पोरे शाळेत तेच पाठ करतात. आपण शंका घेतली तर लोक म्हणतील, फाळक्यांचा मान कमी केला.” मला ते पटले नाही, आणि मी तसे सांगितले. फाळक्यांचा मान ३ मे १९१३ या दिवसावर आहे, आणि त्या दिवसाविषयी कोणाचाही वाद नाही; वाद आहे तो या एका तुकड्याविषयी. उलट स्वतःच्याच पहिल्या कृतीचा नाश झाल्यावर जो मनुष्य तीच कृती पुन्हा उभी करतो, त्याची १९१७ ची फीत मला १९१३ च्या फितीइतकीच पूज्य वाटते. बराच वेळ बोलणे झाले. अखेर संपादक म्हणाले, “दोन ओळींत बसवा, म्हणजे झाले.”

दोन ओळींत बसविले. छापले गेले ते असे: ‘दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्रातील दृश्य. चित्रपट प्रथम प्रदर्शित १९१३. ही फीत काही अभ्यासकांच्या मते १९१७ च्या दुसऱ्या चित्रणातील.’ बंगाली आवृत्तीनेही तीच ओळ घेतली. इतरांनी जागेअभावी ‘१९१३’ एवढेच ठेवले.

या विषयाची निकड आता वाढली आहे. १९५१ च्या सुमारापर्यंत चित्रपटाची फीत नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात अशा नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली, आणि कितीतरी मूळ फिती गेल्या. मागे राहिल्या त्या ज्यांच्या प्रती निघाल्या होत्या त्यांच्या प्रती. अलीकडच्या वर्षांत जुन्या चित्रपटांच्या संगणकीय प्रती काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले आहे, आणि ते आवश्यकच आहे. पण त्यातही काठासकट सगळी फीत टिपली जाते की केवळ चित्राची चौकट, हे पाहायला हवे. मूळ फीत विरघळून गेल्यावर काठाची साक्ष पुन्हा मिळणार नाही.

आमच्या वाचकांपैकी इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हुबळी, हैदराबाद येथे राहणाऱ्या कित्येकांच्या घरी एके काळी तंबूचा सिनेमा किंवा चित्रगृह होते, हे मला पत्रांवरून ठाऊक आहे. माळ्यावर एखादा वाटोळा डबा असेल तर तो चुलीजवळ किंवा उन्हात उघडू नये, आणि फीत यंत्रावर चढवून पाहण्याचा मोह टाळावा. फीत चिकट झाली असेल, तिच्यावर तपकिरी भुकटी आली असेल, तर ती हाताळूही नये. डबा घराबाहेर, सावलीत व थंड जागी ठेवून संग्रहालयाला कळवावे. डबा घासूनपुसून स्वच्छ करू नये. झाकणावरील रंग, आकडा, पार्सलाची चिठ्ठी, आत निघालेला कागदाचा कपटा, सारे जसेच्या तसे ठेवावे. आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसावे: डबा कोणी आणला, कोणत्या गावाहून, कोणत्या साली, त्या वेळी घरात कोण कोण होते.

ही वही डब्याबरोबरच पाठवावी. संग्रहालयात तिसरी ओळ तिच्यावरूनच लिहितात.